मुद्दाम चुकवलेले नाक

वऱ्हाड त्या काळी कागदोपत्री निजामाचा, कारभाराने इंग्रजांचा आणि सोयीसाठी मध्यप्रांताला जोडलेला होता. म्हणजे आमचा मुलूखच मुळात तीन कागद एकावर एक चिकटवून तयार केलेला. त्यामुळे अकोल्याची माझी मामी कागदांचे तुकडे चिकटवून चित्रे करते याचे आम्हाला फारसे नवल वाटत नसे. या प्रकाराला कोलाज म्हणतात आणि परदेशात त्यापायी माणसे उपाशी राहतात, हे मला पुष्कळ उशिरा कळले. घरात त्याला 'कातरकाम' म्हणत. मामी स्वतः 'माझा पसारा' म्हणे आणि गप्प बसे. ती फार बोलणारी बाई नव्हती.

मी अमरावतीला कॉलेजात होतो. सुट्टी लागली की बडनेऱ्याला गाडी बदलून अकोला गाठत असे. मामा वकील, त्यांच्याकडे पुस्तके होती, आणि पुस्तके वाचायला जातो असे मी घरी सांगत असे. पुस्तके मी वाचलीही. पण दुपारी जेवणे झाली, उन्हासाठी दारे-खिडक्या बंद झाल्या आणि मामी मधल्या खोलीत पाट घेऊन बसली, की पुस्तकातले लक्ष उडे.

एका खिडकीची फळी ती बोटभर उघडी ठेवी. तेवढ्या उजेडात सगळे काम. कापडाच्या ठाणांवर गिरण्या रंगीत चित्रे चिकटवून पाठवीत, ती चित्रे कापडवाल्याकडून येत. आगपेट्यांवरचे छाप, बियाणेवाल्यांचे कॅटलॉग, किराणा बांधून आलेला तपकिरी कागद, मामांच्या कचेरीतले पिवळे पडलेले कागद, सगळे बिस्किटांच्या डब्यांत भरलेले असे. डबे रंगाप्रमाणे लावलेले असतील असे मला वाटले होते. एकदा मी पांढरा कागद मागितला तर ती म्हणाली, "कोणता? कापसाचा, चुन्याचा, का कोर्टाचा?" मी कोर्टाचा म्हणालो. तो पांढरा नव्हताच. पण चित्रात लागल्यावर दुसरे काही तिथे चालले नसते, हेही खरे.

ठाणांवरच्या चित्रांत निम्मे देव असत. देवावर कात्री चालवायची नाही हा तिचा नियम. देवामागचे आभाळ कापायला मात्र तिची हरकत नव्हती. त्यामुळे तिच्या एका डब्यात आभाळ काढून घेतलेले बरेच देव राहत होते. लक्ष्मीच्या पायाखालचे कमळ गेलेले, कृष्णामागची यमुना गेलेली. मामा म्हणत, "देव निर्वासित केले हिनं." मामी म्हणे, "देवाले काय, कुठंही उभा राहते."

खळ ती स्वतः शिजवी. मैद्यात चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून. तिच्या प्रेरणा कोणत्या, असे एकदा मामांकडे आलेल्या एका साहित्यप्रेमी पाहुण्यांनी फार गंभीरपणे विचारले होते. मामीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "आज खळ चांगली जमली." पाहुण्यांनी मान डोलावली. ते नंतर बराच वेळ त्यातला गूढार्थ शोधत असावेत.

तसे उत्तर तिच्याजवळ होते, फक्त ते पाहुण्यांसाठी नव्हते. नवी नवरी म्हणून अकोल्याला आली तेव्हा मोहरमात माडीच्या खिडकीतून तिने ताजिये पाहिले. पातळ कागदांवर पातळ कागद, मध्ये अभ्रक, आत दिवे. माहेरी मोर्शीकडे तिने ताजिये पाहिले नव्हते असे नाही, पण वरून पाहिले नव्हते. एकावर एक तीन कागद ठेवले की चौथाच रंग दिसतो, हे तिला त्या खिडकीत समजले. मागच्या मोहल्ल्यात पतंगवाले चाचा होते, ते ताजियाचेही काम करीत. त्यांच्याकडचे पतंगी कागदाचे उरलेसुरले तुकडे ती मागवी. चाचा एकदा मला म्हणाले, "तुम्हारी मामी कचरा भी ऐसा चुनती हैं, जैसे बाजार में बैंगन." हा निरोप मी तसाच पोचवला. मामी खूश झाली. वांगी निवडण्यात ती खरोखर कोणाला हार जाणारी नव्हती.

पण मला सर्वांत चकित केले ते तिच्या कामाच्या एका रीतीने. ती लगेच चिकटवीत नसे. तुकडे पाटावर नुसते मांडायचे, वर जुन्या खिडकीची काच ठेवायची आणि दिवसच्या दिवस पाहायचे. या अवस्थेला तिचा शब्द 'कच्चं'. चित्र कच्चं असले की त्या खोलीत शिंकायची बंदी, पदर झटकायची बंदी. मामांचे अशील जोराने हसले तर आतून भांडे आपटल्याचा आवाज येई. काच बाजूला करून एक तुकडा केसभर सरकवायचा, पुन्हा काच. अशा चित्रात ती मुद्दाम एक चूक ठेवी.

तिचे म्हणणे असे. "आपल्याकडच्या माणसाले विचारलं, 'कसं असते हो?' तर म्हणते, 'असते आपलं.' अन् चुकीचं दाखवलं, की जेवण सोडून सांगत बसते."

याचा प्रयोग मी पाहिला. तिला मामांच्या बाररूमचे, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीचे, चित्र करायचे होते. तिथे तिला जाता येणे शक्य नव्हते, आणि मामांना विचारले तर ते 'खुर्च्या आहेत, टेबल आहे' एवढेच सांगत. मग तिने तुकड्यांचे वकील मांडले आणि त्यांच्या गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्या पाठीवर सोडल्या. मामा जेवायला आत आले आणि तिथेच उभे राहिले.

"हे काय? आम्ही काय वरातीतले बँडवाले?"

"नसते का तसं?" मामी म्हणाली.

पट्ट्या कुठे असतात हे सांगायला एक वाक्य पुरले असते. पण मामा पाटाजवळ बसले. कोण कुठे बसतो, कोण घोरतो, कोणत्या खुर्चीचा हात मोडला आहे आणि ती नेमकी नव्या वकिलाला कशी दिली जाते, फर्ग्युसनमध्ये शिकून आलेले गृहस्थ चहाची बशी कशी धरतात, सगळे बाहेर आले. मामी सुपारी कातरत ऐकत होती. आठवड्याने चित्र चिकटले तेव्हा अख्खी बाररूम त्यात होती, घोरण्यासकट. मामा सर्वांना सांगत, "माझ्यामुळे चूक सुधारली, नाहीतर हसं झालं असतं."

चित्रकलेविषयी मी तोवर जे वाचले होते त्यात स्फूर्ती, साधना, दिव्य दृष्टी असे शब्द होते. मुद्दाम चूक करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलते करावे, असे कोणी लिहिलेले नव्हते. मला मामीची रीत जास्त पटली.

पुढच्या हिवाळ्यात ती रीत तिला स्वतःच्या आईसाठी वापरावी लागली.

मामीचे थोरले भाऊ अमरावतीला होते. सरकारने त्यांना रावसाहेब ही पदवी दिली होती आणि तेव्हापासून त्यांनी नाव वापरणे जवळजवळ सोडले होते. मोर्शीला संत्र्यांच्या बागा, अमरावतीला वकिली, आणि आता कॅम्पाकडे नवा बंगला. वास्तुशांतीची छापील पत्रिका अकोल्याला आली. तिच्यात होमहवनाखाली असे छापले होते, की दिवाणखान्यात 'पूज्य मातापितरांच्या तैलचित्रांचे अनावरण' कमिशनरसाहेबांच्या हस्ते होईल.

मामीने पत्रिका पुन्हा वाचली. मग मला विचारले, "आईचं चित्र कशावरून काढलं रे त्यानं?"

मला ठाऊक होते. अमरावतीत असल्यामुळे मी ते होताना पाहिले होते. वडिलांचा फोटो होता. आईचा नव्हता, ती गेली तेव्हा मोर्शीत कोणी बायकांचे फोटो काढत नसे. मामी तेव्हा रांगत होती आणि रावसाहेब मराठी शाळेत शिकत होते. म्हणून नागपुराहून बोलावलेल्या चित्रकारासमोर रावसाहेबांच्या पत्नीला शालू नेसवून, पाटल्या-बांगड्या घालून बसवले होते. चेहरा चित्रकाराने आपल्या अनुभवातून घेतला. तो अनुभव बहुधा कॅलेंडरांचा होता.

हे ऐकून मामी रागावली नाही. तिने सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला.

"मी सगळ्यांना विचारलं होतं," ती म्हणाली. "मोर्शीच्या काकूले, आत्याले. आई कशी होती? 'साक्षात लक्ष्मी.' आपल्याकडं बाई मेली की लक्ष्मीच होते. आता त्या दोघीही गेल्या. तिचा चेहरा पाहिलेला एक दादा राहिला."

"मग त्यांनाच विचारा."

"विचारलं ना. म्हणते, 'आईसारखी होती.'" "आता तो त्या तैलचित्राखाली रोज बसन. वर्षभर त्या शालूवालीले पाहिलं, की खरी त्याच्याही डोक्यातून जाईन. मग कुठंच नाही ती."

एवढे लांब बोलताना मी तिला प्रथमच ऐकले. वास्तुशांतीच्या कामाला मदत म्हणून ती आठवडाभर आधी निघाली. अनारशांचा झारा बरोबर होता, आणि बिस्किटांचे डबेही. पाट आणि काच माझ्या हातात. बडनेऱ्याच्या फलाटावर एकाने मला विचारले, "काच बसवून राहिले का कुठं?" मी हो म्हणालो.

बंगल्यात मागच्या बाजूला पापड वाळवायची एक खोली मिळाली. मामीने तिथे आईचा चेहरा मांडायला सुरुवात केली. आठवत काहीच नव्हते, म्हणून सगळेच कच्चे. किराण्याच्या तपकिरी कागदाचे गाल. फोटोवाल्याकडचा काळा कागद केसांना. डोळे एका ठाणावरच्या पाणी भरणाऱ्या बाईचे. आणि मधोमध, कुठल्याशा विलायती राणीचे लांब, धारदार, सरळ नाक. इतके सरळ की मलाही ते त्या चेहऱ्यात चोरून आणल्यासारखे वाटले.

"हे फारच होतंय," मी म्हणालो.

"तुले वाटते ना? मग त्याले वाटनच."

रावसाहेब तिसऱ्या प्रहरी घराची पाहणी करीत फिरत. कोट, उपरणे, मागे कारकून. पापडांच्या खोलीत येण्याचे त्यांना कारण नव्हते, पण मामीने दार उघडे ठेवले होते. त्यांनी आत डोकावले.

"काय चाललंय? इथेही तुझं ते कातरकाम?" रावसाहेब पदवी मिळाल्यापासून पुण्याकडचे मराठी बोलत. "कोण आहे ही?"

"आई."

"कोणाची?"

"आपली, दादा."

रावसाहेब काचेकडे पाहत राहिले. मग निघून गेले. मी मामीकडे पाहिले. ती अनारशांचे पीठ मळायला गेली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. या वेळी कारकून नव्हता.

"ते नाक," ते दारातूनच म्हणाले.

"काय झालं नाकाले?"

"काही नाही. चांगलं आहे." दोन पावले गेले आणि परत फिरले. "एवढं सरळ नाक आईला असतं, तर आपण दोघं असे दिसलो असतो का?"

"मले काय माहीत? मी पाहिलं नाही," मामी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. हात मात्र तिने पदरात घेतले होते.

रावसाहेब माझ्याकडे वळले. "दार लाव रे."

मी दार लावले. ते धोतराचा सोगा आवरून जमिनीवर बसले. या बंगल्यात ते जमिनीवर बसल्याचे तोवर कोणी पाहिले नसावे. त्यांनी स्वतः काच उचलली आणि बाजूला ठेवली. अंगठीच्या बोटाने ते राणीचे नाक उचलले आणि मामीच्या तळहातावर ठेवले, कोणाची चुकून आलेली वस्तू परत करावी तसे.

"बसकं होतं. इथं. लहानपणी ओट्यावरून पडली होती म्हणे."

मामीने डब्यातून एकेक तुकडा पुढे केला. हे? नाही. हे? रुंद हवं थोडं. आगपेटीवरच्या पहिलवानाचे नाक शेवटी चालले, निम्मे कापून. रावसाहेब मान वाकडी करून पाहू लागले.

"रंग एवढा उजळ नव्हता." मामीने तपकिरीवर जांभळा पतंगी कागद ठेवला. "हां. अजून एक." अजून एक ठेवला. "हनुवटीवर गोंदण होतं. तीन ठिपके. नाही, तिसरा खाली. आणि नाकपुडी... ही नाकपुडी फाटलेली होती. नथ ओढली गेली होती कधीतरी. ती नथ घालतच नसे."

दिवाणखान्यातल्या तैलचित्राला गालापर्यंत पोचणारी मोत्यांची नथ होती. आम्हा तिघांनाही ते आठवले असावे.

"चित्रकाराला का नाही सांगितलं, दादा?"

"कमिशनरसाहेब येणार आहेत," रावसाहेब म्हणाले. मग म्हणाले, "चित्रकारानं विचारलं नाही."

त्यांची खरी पंचाईत तोंडाशी झाली. मामीने डब्यातली सगळी तोंडे मांडली: बंद ओठ, हसरे ओठ, पान खाल्लेले ओठ. रावसाहेबांनी एकेक ठेवून पाहिले. दर वेळी मान हलवली.

"आठवत नाही?" मामीने विचारले.

"आठवते ना! पण कोणतं ठेवू? बंदच होत नव्हतं तिचं तोंड!" रावसाहेब एकदम म्हणाले, आणि त्यांचे पुण्याकडचे मराठी तिथेच पापडांजवळ राहिले. "सकाळी उठली का सुरू. म्हशीशी बोले, विहिरीशी बोले, चूल पेटली नाही का चुलीले शिव्या. बाबा घरात आले की आमी चूप, अन् तिचं चालूच. मेली त्या दिवशी सकाळीही मले काहीतरी सांगत होती. मी ऐकत नव्हतो. शाळेले उशीर होत होता."

मामीने दोन तोंडे उचलली, एक मिटलेले, एक उघडे. मिटलेले ठेवले. त्याच्यावर पतंगी कागदाचा एक पातळ पापुद्रा ठेवला, आणि त्यावर उघडे तोंड, थोडे बाजूला सरकवून, खालचे दिसत राहील असे. कुठल्याही चित्रशाळेत याला गुण मिळाले नसते. ओठांना ओठ धड जुळत नव्हते. पण ती बाई बोलत होती. अर्धे वाक्य झाले होते, अर्धे व्हायचे होते.

रावसाहेबांनी गुडघे उराशी घेतले.

"हां," ते म्हणाले. "आता बोलून राहिली."

मामीने त्याच दुपारी खळ शिजवली. चिकटवताना तिने मला आणि रावसाहेबांनाही बाहेर काढले.

वास्तुशांती थाटात झाली. कमिशनरसाहेबांनी दोरी ओढली, पडदा पडला, टाळ्या झाल्या. एका प्राध्यापकांनी भाषणात तैलचित्रातल्या मातेच्या मुद्रेवर सात्त्विक तेज आणि मूक वात्सल्य असल्याचे सांगितले. रावसाहेब खुर्चीत ताठ बसले होते. मूक हा शब्द आला तेव्हा त्यांनी खोकून उपरण्यात तोंड घातले. मी त्यांच्याविषयी आजवर जे काही बोललो होतो, त्यातले थोडे मनातल्या मनात मागे घेतले. सगळे नाही. तैलचित्र तिथेच टांगलेले राहिले, आणि पुढे वर्तमानपत्रातही त्याचेच वर्णन आले.

निघताना ते मामीला म्हणाले, "ते तू घेऊन जा. इथं..." त्यांनी दिवाणखान्याकडे हात केला. "मी येत जाईन अकोल्याले."

"ये," मामी म्हणाली.

परतीच्या गाडीत बडनेऱ्यानंतर आम्हाला जागा मिळाली. चित्र मामीच्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेले. समोर मूर्तिजापूरला उतरणारी एक बाई टोपली घेऊन बसली होती. तिने चादरीकडे पाहिले.

"फोटो व्हय का, माय? कोनाचा?"

मामीने गाठ सोडली. "माझ्या आईचा."

त्या बाईने वाकून पाहिले. कागदाचे तुकडे तिला दिसले असतीलच; तिने त्याचे काही म्हटले नाही. "तोंडाची फटकळ असन," ती म्हणाली.

"हाव ना!" मामी म्हणाली. "म्हशीशीसुद्धा बोलायची. अन् चुलीले शिव्या द्यायची."

मग ती सांगत सुटली. ओट्यावरून पडली ते, नथ कशी ओढली गेली ते, विहिरीवर कोणाशी कशी भांडली ते. त्यातले बरेच रावसाहेबांनी त्या खोलीत सांगितलेले होते. काही मी गाडीच्या त्या डब्यात प्रथमच ऐकले, आणि ते मामीला कोणी सांगितले असावे याचा मला आजवर पत्ता लागलेला नाही. त्या बाईला हसू आवरत नव्हते. मूर्तिजापूर आले, ती टोपली घेऊन उठली, तर मामीने तिचा हात धरून तिला पुन्हा खाली बसवले.

"थांब ना व, गाडी उभी राहते अजून. हे एक ऐकून जाय."